लंगोट कशाचा, हे पाकिटावर लिहा

कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो मोत्यासारखा वरच थांबतो. तोच थेंब आजीच्या विरलेल्या सुती साडीवर पडला, की बघता बघता जिरून जातो. कापड दोन्ही सुतीच. पण मांजरपाटाच्या धाग्यावर कापसाचं मेण आणि मागावरची खळ अजून शाबूत असते. साडीत त्यांचा मागमूसही उरलेला नसतो. बाळ येणार म्हटलं की जुनी लुगडी, धोतरं फाडून लंगोट शिवणाऱ्या बायकांना हे हाताने कळत होतं.

आज तीच निवड दुकानात किंवा मोबाइलवर होते. पाकिटावर हत्ती असतात, ससे असतात, ‘सुपर सॉफ्ट’ असतं. आतलं कापड कोणतं, हे मात्र शोधावं लागतं. कापडी डायपर विकणाऱ्या प्रत्येकाने एकेका थराचा धागा ठळक अक्षरांत छापलाच पाहिजे.

कारण या डायपरमध्ये एकच कापड नसतं. बाहेरचं कव्हर बहुधा पॉलिस्टरचं, आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं. ओल बाहेर येऊ न देणं हे त्याचं काम. उकळत्या पाण्याने किंवा कडक इस्त्रीने तो पापुद्रा सुटू शकतो. बाळाच्या अंगाला लागणारा थर अनेकदा फ्लीसचा असतो. फ्लीस स्वतः पाणी धरत नाही, खाली जाऊ देतं, म्हणून हाताला कोरडं लागतं. त्या कोरडेपणावर विसंबून डायपर तासन् तास तसाच ठेवला, तर त्रास बाळाच्या कातडीला होतो.

खरी परीक्षा मधल्या पॅडची. सामान्य हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. तरीही पॉलिस्टरचं मायक्रोफायबर पाणी झटकन ओढतं, कारण ते तंतूंच्या मधल्या फटींत साठतं. बाळ मांडीवर बसलं, दाब पडला, की तेच पाणी बाहेर येतं. शिवाय मायक्रोफायबर थेट अंगाला लागलं तर कातडी कोरडी पडते.

‘बांबू’ या शब्दाचंही तसंच. बाजारातलं बहुतेक बांबूचं कापड म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोस. तो मऊ असतो, पाणीही छान शोषतो. पण ओला झाला की त्याची ताकद बरीच घटते, तर कापूस उलट ओला असताना अधिक मजबूत होतो. रोज पिळायच्या वस्तूत हा फरक मोठा आहे. व्हिस्कोसला ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत २०१३ साली चार बड्या विक्रेत्यांनी मिळून १२.६ लाख डॉलर भरले. आपल्याकडच्या आईबापांनाही तेवढीच स्पष्टता मिळायला हवी.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. बाळाला तेल लावून मालिश होते, ते तेल लंगोटाला लागतं आणि कापड हळूहळू पाणी घेईनासं होतं. फॅब्रिक सॉफ्टनरही धाग्यावर असाच थर चढवतो. मग दोष कापडाला दिला जातो! अशा वेळी सुती पॅड गरम पाण्यात साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळलं, तर ते पुन्हा कामाला येतं.

कापडी लंगोटाचा आग्रह धरताना धुण्याचा भार कुणावर, हेही बोललं पाहिजे. तो एकट्या बाळंतिणीवर टाकणं अन्यायाचं आहे. बाबाचे हात त्यात हवेतच. धुण्यावर पर्यावरणाचा हिशेबही ठरतो. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात सरासरी वापराला कापडी आणि फेकायच्या डायपरचा कार्बनभार जवळपास सारखाच निघाला. मशीन भरून धुणं, दोरीवर वाळवणं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरणं, एवढं केलं तर कापडीचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. दोरी तर आपल्या प्रत्येक गॅलरीत आहे.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात मात्र ती दोरीही हरते. चार थर एकत्र शिवलेलं जाड पॅड दमट हवेत दुसऱ्या दिवशीही आतून ओलं लागतं. घडी घालून वापरायचं एकेरी सुती कापड उलगडून टाकलं, की पंख्याखाली त्याच्या कितीतरी आधी वाळतं. म्हणून एकदम वीसचा संच मागवण्याआधी दोन वेगळ्या कापडांचे दोन लंगोट आणावेत, पाच-सहा वेळा धुवावेत आणि आपल्याच गॅलरीत वाळवून बघावेत.