बाबागाडी कोण धरणार?

आमच्या जामनेरातूनही हल्ली दर उन्हाळ्यात दोन-चार घरची मंडळी परदेशी जाऊन येतात. कुणाचा मुलगा लंडनला प्रोजेक्टवर, कुणाची लेक जर्मनीत. जायचं ठरलं की कागद-पेन घेऊन यादी करायला कोण बसतं? बहुतेक घरांत पुरुष मंडळी. लंडन असेल तर बिग बेन, राजवाडा, टॉवर ब्रिज, कोहिनूर, लंडन आय... यादी भराभर वाढत जाते. ‘एवढा खर्च करून चाललोय, तर सगळं पाहूनच येऊ!’ आता बरोबर अडीच वर्षांचं पोर आहे, ते दुपारी झोपतं, दर दीड तासाने त्याला शू लागते, नवीन जागी ते जेवत नाही, ही नोंद त्या कागदावर कुठेच नसते. ती फक्त एकाच डोक्यात असते. आईच्या.

परवा आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली होती. नवऱ्याची बदली वर्षभरासाठी लंडनला झालीय, मुलं चार आणि दोन वर्षांची. म्हणाली, ‘‘काकू, तुम्ही जाऊन आलात ना? पोरांना घेऊन काय काय पाहू?’’ मी म्हटलं, ‘‘काय पाहायचं ते मागून सांगते. आधी हे ठरव, की तू पाहणार आहेस की नाही?’’ ती हसली. पण मी गमतीने विचारलं नव्हतं.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे तीन आठवडे राहून आलो. जावयांची तिथे दोन वर्षांची नेमणूक होती, त्यातलं एक वर्ष सरलं होतं. नात पाच वर्षांची, नातू अडीचचा. आमच्या ह्यांनी इथून निघतानाच बावीस ठिकाणांची यादी खिशात ठेवली होती. जावयांनी आठवडाभर रजा काढली. झालं, निघाली आमची वरात!

पहिला नंबर बिग बेनचा. खरं तर बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, पण आपण सगळे मनोऱ्यालाच तसं म्हणतो. तर त्या मनोऱ्याची मोठी दुरुस्ती २०१७ मध्ये सुरू झाली होती, ती पुढे २०२२ पर्यंत चालली. आम्ही गेलो तेव्हा सगळा मनोरा परांच्यांनी झाकलेला, घड्याळाची एक तबकडी तेवढी उघडी, आणि रोजचे टोलही बंद. ह्यांनी तरीही फोटो काढलाच. नात मात्र खूश होती. तिला एवढ्या उंच परांच्यांवर चालणारी हेल्मेटवाली माणसं दिसली होती. ती पडत कशी नाहीत, यावर तिने अर्धा तास प्रश्न विचारले.

राजवाड्यासमोर पहारा बदलतात, ते पाहायला अकराच्या आधी तासभर जाऊन उभं राहावं लागतं. पाच वर्षांच्या मुलीला त्या गर्दीत काय दिसतं? पुढच्यांच्या पाठपिशव्या. बँड ऐकू आला, टोप्यांचे काळे गोंडे दिसले, संपलं. आणि तिथून पाच मिनिटांवरच्या सेंट जेम्स पार्कात दुपारी अडीच-तीनच्या सुमारास पेलिकन पक्ष्यांना मासे घालतात. १६६४ साली रशियाच्या वकिलाने तिथल्या राजाला पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते या बागेत आहेत म्हणे. दोन्ही पोरं तिथे हू की चू न करता उभी! आमच्या यादीत पेलिकन नव्हते.

टॉवर ऑफ लंडनला मात्र माझ्या मनात काहीतरी खटकलं. कोहिनूर पाहायला रांग होती आणि नातू बाबागाडीत नुकताच झोपला होता. लेक म्हणाली, ‘‘तुम्ही या जाऊन, मी बसते इथे.’’ आम्ही गेलो. मुकुटांच्या समोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहायचं आणि पुढे सरकायचं. कोहिनूर येतो आणि जातो. बाहेर आलो तर ती बाकावर बसून तिथले डोमकावळे पाहत होती. निदान सहा कावळे तरी तिथे असलेच पाहिजेत, नाहीतर राज्य बुडेल, अशी त्यांची समजूत आहे. मी विचारलं, ‘‘याआधी आली होतीस ना तू इथे?’’ म्हणाली, ‘‘दोनदा. दोन्ही वेळा पाहुण्यांबरोबर. कावळे पाहिलेत.’’

‘तुम्ही या जाऊन, मी बसते.’ मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी किती वेळा म्हटलंय? आणि ते कुणी आपल्याला म्हणायला लावलेलं नसतं. बॅगा जवळ कुणीतरी बसायचं असतं, झोपलेल्या पोराजवळ कुणीतरी थांबायचं असतं, आणि ते ‘कुणीतरी’ कोण, हे न बोलताच ठरलेलं असतं. जावई माणूस चांगला. भुयारी रेल्वेच्या जिन्यावर बाबागाडीचं एक टोक ते धरायचे, दुसरं ही. लंडनच्या २७२ स्थानकांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला रस्त्यापासून फलाटापर्यंत बिनपायऱ्यांची वाट आहे, बाकी ठिकाणी उचला गाडी! पण ते रजेवर असताना दुसरं टोक असायचं. एरवी ती एकटीच असायची आणि जिन्यावरचं कुणी अनोळखी माणूस न सांगता पुढे होऊन हात लावायचं. वर्षभरात तिने शहर पाहिलं होतं ते असं, जिन्याजिन्याने. ‘‘तिने कधी सांगितलंच नाही की तिला आत जायचंय,’’ असं जावई नंतर म्हणाले. हे कारण मला पटत नाही. डोळे सगळ्यांनाच आहेत.

तिला काय पाहायचं होतं, तेही सांगते. माझी लेक चित्रं काढायची. शाळेत असताना आम्ही तिला अजिंठ्याला नेलं होतं, पहूर-फर्दापूरवरून आम्हाला ते जवळच. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तिने कितीतरी वेळा काढला. त्या चित्रांचा आणि लंडनचा जुना आणि दुःखी संबंध आहे. रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षं तिथे राहून त्याने भिंतींवरच्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, तिथे १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. तो १८७९ मध्ये गेला. त्याची कबर आपल्या भुसावळलाच आहे. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या ग्रिफिथ्ससाहेबांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जळाल्या. ज्या वाचल्या त्या त्याच संग्रहालयात आहेत. त्याला आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात. ती चित्रं सहसा मांडलेली नसतात, हे लेकीला माहीत होतं. पण तिला ती वास्तू, तिथली भारतीय वस्तूंची दालनं सावकाश पाहायची होती. वर्षभर त्याच शहरात राहून तिला तिथे दोन तास मिळाले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात जावई कामावर गेले आणि मी यादी हातात घेतली. बावीसमधली सोळा ठिकाणं खोडली. ह्यांना राग आला, पण दोन दिवसांनी गेला.

लहान मुलांना घेऊन शहर पाहायचं तर दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी. मे महिन्यात आपलं घड्याळ लंडनच्या साडेचार तास पुढे असतं. जामनेरात साडेसात वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे तीन. माझे डोळे सुरुवातीला तीनलाच उघडायचे, तर नव्याने आलेल्या पोरांचं काय होत असेल! आणि संध्याकाळी नऊपर्यंत उजेड, त्यामुळे मोठ्यांना वाटतं अजून खूप दिवस बाकी आहे. पोरांचा दिवस मात्र तेव्हा संपलेला असतो. म्हणून दहाला संग्रहालयाचं दार उघडतं तेव्हा दारात हजर असावं आणि जेवायला घरी यावं. बरोबर दशम्या आणि केळी. केळ्यासारखा प्रवासाचा खाऊ नाही, हे जळगाव जिल्ह्यातल्या बाईने सांगायला नको. वेष्टनसुद्धा देवानेच दिलेलं.

आणि शक्यतो फुकटची ठिकाणं निवडावीत. यात कंजूसपणा नाही. तिकीट काढलं की आपल्या मनात ‘वसूल करायचं’ सुरू होतं. पोर रडतंय, तरी आपण त्याला ओढत तिसऱ्या मजल्यावर नेतो, कारण माणशी एवढे पौंड मोजलेत! लंडनमध्ये निसर्ग इतिहासाचं, विज्ञानाचं आणि हे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, अशी तीन मोठी संग्रहालयं एकमेकांच्या शेजारी आहेत. पूर्वी त्यांना तिकीट होतं, डिसेंबर २००१ पासून कायमची दालनं सगळ्यांना मोफत झाली. निसर्ग इतिहासाच्या संग्रहालयात शिरलं की वर छताला निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटर लांबीचा सांगाडा टांगलाय. नातू मान वर करकरून पाहत राहिला. मग पुढे हलणारा, गुरगुरणारा डायनासोर आला आणि त्याने असा सूर लावला की दहा मिनिटांत आम्ही बाहेर! तिकीट असतं तर केवढी हळहळ. आम्ही नुसतं बागेत जाऊन बसलो. दोन दिवसांनी तोच म्हणाला, ‘‘डायनो बघू.’’ पुन्हा गेलो. त्या वेळी पंधरा मिनिटं टिकला. तिसऱ्या खेपेला त्याने डायनासोरला बाय-बाय केलं.

तसंच बसचं. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर बसला आणि भुयारी रेल्वेला तिकीट नाही. पर्यटकांच्या महागड्या बसऐवजी साध्या लाल दुमजली बसमध्ये वर अगदी पुढच्या बाकावर पोरांना बसवा. आम्हाला तेव्हा माणशी दीड पौंड पडला. नातीच्या मते ती बस तीच चालवत होती. आमच्याकडे पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० पर्यंत धावत होती, तिच्या खिडकीतही ती अशीच बसायची. पोरांना लंडन काय आणि भागदरा काय, खिडकी हवी.

मग एका सकाळी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला गेलो. तिथे मधल्या चौकात उथळ पाण्याचं लंबगोल तळं आहे. ऊन असलं की तिथली पोरं खुशाल पाण्यात उतरतात, कुणी हटकत नाही. मी दोघांचे बूट-मोजे काढले आणि लेकीला म्हटलं, ‘‘जा. साडेबारापर्यंत येऊ नकोस. फोनही करू नकोस.’’ ती दोनदा मागे वळली. मग गेली. मी आणि हे तळ्याच्या काठावर. पाऊण तासाने ह्यांनी विचारलं, ‘‘आता ही कधी येणार?’’ मी म्हटलं, ‘‘तिचं पाहून झालं की.’’ त्या दिवशी नातवाची ओली चड्डी ह्यांनी बदलली. बासष्टाव्या वर्षी, साउथ केन्सिंग्टनला!

ती साडेबारा वाजून दहा मिनिटांनी आली. काय पाहिलंस विचारलं तर नीट सांगता येईना. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ पाहिला, म्हणाली, तो इंग्रज सोल्जरवर चढलाय आणि त्याच्या पोटात बाजा आहे. एका जाळीच्या खिडकीपुढे वीस मिनिटं उभी होते, म्हणाली. ‘‘आई, कुणी हाताला ओढलं नाही.’’ मग माझी पाळी. मी तासभर फिरले, जरा कापडं-दागिने पाहिले. त्यानंतर ह्यांची. ते वीस मिनिटांतच आले, त्यांना भूक लागली होती.

आता कुणी म्हणेल, आजी-आजोबा होते म्हणून जमलं. बरोबर आहे. म्हणूनच आणखी एक सांगते. लेकाकडे, लेकीकडे गेलेल्या आजीला फुकटची आया करू नका. तिचीही पाळी धरा, बापाचीही धरा. दोघंच असतील तर दोघांत पाळी. एकाने पोरं बागेत न्यायची, दुसऱ्याने आत जायचं, मग अदलाबदल. सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहिलं पाहिजे, या हट्टापायी आईचं पाहायचं राहून जातं.

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. नवरा वारलेला, बोटीचा प्रवास. तरी गेल्या आणि त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ लिहिलासुद्धा. सव्वाशेच्या वर वर्षं झाली त्याला. आपल्याला विमान आहे, बाबागाडी आहे, बरोबर नवराही आहे!

आणि लंडनचं कशाला, आमच्या अजिंठ्याचंच घ्या. वाघूरच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी लेणी पसरलीत. पायऱ्यांनीच सुरुवात होते, तिथे बाबागाडीचा काही उपयोग नाही. जामनेरात मी अशा चार बायका तरी ओळखते, ज्या लग्नानंतर पाच-पाच वेळा पाहुण्यांना घेऊन तिथे गेल्यात आणि त्यांनी सव्विसावं लेणं पाहिलेलं नाही. तिथला निजलेला, महापरिनिर्वाणाचा बुद्ध पाहायला परदेशातून लोक येतात. पण ते लेणं पार त्या टोकाला, आणि तोवर पोर रडायला लागलेलं असतं. ‘तुम्ही या जाऊन, मी बसते.’

यंदा डिसेंबरात आमच्या भिशीच्या बायका सहकुटुंब अजिंठ्याला जायचं म्हणतायत. सोमवारी लेणी बंद, म्हणून रविवार धरलाय. तिघींची मुलं लहान आहेत. मी यादी केलीय. त्यात लेणी नाहीत. कुणाचं पोर किती वाजता कुणाकडे, एवढंच आहे. पहिलं नाव आमच्या ह्यांचं.