तसूभरही न बदललेला माणूस

आमच्या कार्यालयात परवा एका साहेबांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, बटाटेवडा आणि भाषणं. एका वक्त्यानं टाळी घेणारं वाक्य टाकलं, "33 वर्षांपूर्वी साहेब रुजू झाले तेव्हा जसे होते, तसेच आजही आहेत. तसूभरही बदलले नाहीत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वडा संपता संपता मात्र मनात आलं, ही स्तुती झाली की तक्रार? नदीतला धोंडासुद्धा 33 वर्षांत थोडा गुळगुळीत होतो.

हे वाक्य त्या वक्त्याचं एकट्याचं नव्हे. 'चाललंय ते बरं चाललंय' हे आपलं आवडतं तत्त्वज्ञान आहे आणि त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे मुद्दे नाहीत असंही नाही. पहाटे 5 वाजता उठा, वर्षाला 50 पुस्तकं वाचा, रोज 10,000 पावलं चाला, असं सांगणाऱ्यांचा बाजार इतका माजलाय, की साधं जेवून झोपणाऱ्यालाही अपराधी वाटावं. शेजाऱ्याच्या गाडीकडे बघत स्वतःला चाबूक मारून घेणं म्हणजे सुधारणा नव्हे, हे मला मान्य आहे. पण बाजारात भेसळीचं तूप मिळतं, म्हणून कोणी वरणभातावर तूप घ्यायचं सोडत नाही.

समाधानवाद्यांचा पहिला साक्षीदार असतो तुकोबा. संतांनी आहे त्यात आनंद मानायला शिकवलं, मग ही धडपड कशाला? साक्षीदार भारी आहे, म्हणूनच त्याची उलटतपासणी करायला हवी. तुकोबांनी स्वतःची हकीकत अभंगात सांगितली आहे. आरंभी कीर्तनाला उभं राहिलं तरी चित्ताला अभ्यास नव्हता, म्हणून संतांची वचनं पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे राहून ध्रुपद धरलं, असं ते सांगतात. हा आहे तिथंच थांबलेला माणूस नव्हे, मागच्या रांगेत उभं राहून शिकणारा विद्यार्थी आहे. तुकोबांचं समाधान होतं ते घरादाराविषयी, मिळकतीविषयी. आपण नेमकं उलट करतो. पगाराच्या बाबतीत कायम असमाधानी आणि कामाच्या बाबतीत कायम तृप्त! वर या व्यवस्थेला संतांचं नाव देतो.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. 'आता हात बसलाय, नवीन काय शिकायचं?' हात बसणं चांगलंच. हाताबरोबर माणूसही बसला, की पंचाईत. गायक मल्लिकार्जुन मन्सूर नीलकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन तयार झाले होते. लोक त्यांना ऐकत होते, रेकॉर्डी निघाल्या होत्या. तरी पंचविशीच्या सुमारास ते अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्यापुढे शागीर्द म्हणून बसले. 1937 मध्ये मंजीखाँ गेले, तेव्हा त्यांचे भाऊ भुर्जीखाँ यांच्याकडे शिकत राहिले. गळ्यावर चढलेली वळणं बाजूला ठेवून जयपूरची अवघड गायकी पहिल्यापासून गिरवायची, तीही नाव झाल्यावर! मन्सूर बसले ते गुरूपुढे, एवढाच फरक.

सचिन तेंडुलकरचंही तसंच. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनीच्या कसोटीआधी त्याच्या धावा होत्या 0, 1, 37, 0 आणि 44. ऑफ स्टंपच्या बाहेरचे चेंडू त्याचा घात करत होते. नावावर कसोटीतली 31 शतकं असलेला माणूस 'फॉर्म येईल परत' म्हणून स्वस्थ बसू शकला असता. त्यानं आपला लाडका कव्हर ड्राइव्ह पेटीत कुलूपबंद केला आणि दहा तासांहून अधिक काळ खेळून नाबाद 241 केल्या. सुधारणा म्हणजे दर वेळी नवं काही मिळवणंच नव्हे. कधी कधी आपल्याला शोभणारी, टाळ्या मिळवून देणारी गोष्ट सोडणं, हीच सुधारणा असते.

यावर तिसरा मुद्दा ठरलेला. 'ते थोर, आपण साधी माणसं.' आणि त्याला चिकटून चौथा, 'अशी माणसं कधी सुखी नसतात.' या दोन्हींचं उत्तर माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात आहे. ती 74 वर्षांची आहे. चतुर्थीला मोदकपात्राचं झाकण निघालं, की वाफ ओसरायच्या आत ती पहिला मोदक फोडते आणि म्हणते, "पारी जाडच राहिली." आम्ही ओरडतो, "आत्या, झकास झालेत!" ती ऐकत नाही. परवाच्या गणपतीत तिनं शेजारच्या नव्या सुनेला विचारलं, तुझ्या कळ्या फुटत कशा नाहीत गं? ती म्हणाली, आधणाच्या पाण्यात थोडं दूध घालते. पन्नास वर्षं उकड काढणारी बाई पंचविशीच्या पोरीकडून हे शिकली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटीभर पिठी भिजवली, नुसतं करून बघायला. ही काही थोर नाही. दुःखी तर मुळीच नाही. तेलापाण्याचा हात लावून कळ्या चिमटत असते, तेव्हा आमच्या घरात तिच्याइतकं खुशीत कोणीच नसतं. पारी जाड राहिली हे तिला खुपतं, पण त्या खुपण्यातच तिला पुढच्या चतुर्थीची ओढ असते.

मग करायचं काय? आत्मोन्नती वगैरे जड शब्द माळ्यावर ठेवू. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच लेखनक्रियेपासून केली आहे. अक्षर वाटोळं, मोकळं हवं, काने, मात्रा, वेलांट्या नीट हव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं, भोवती जागा सोडावी म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. मोक्षाची वाट दाखवणारा माणूस समासाबद्दल इतक्या बारकाईनं बोलतो! सुधारणेचं खरं ठिकाण हेच. 'मी चांगला माणूस होईन' हा संकल्प पाडव्याला करतात आणि पंचमीला विसरतात. 'माझी वेलांटी तुटते' हे एकदा दिसलं, की हात आपोआप सावरतो.

पण ते दिसायला कोणीतरी दाखवणारं लागतं. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोप घेताना तेंडुलकरनं सांगितलं, की त्याचे प्रशिक्षक आचरेकर सरांनी 29 वर्षांत एकदाही त्याला 'चांगला खेळलास' म्हटलं नाही. पोरगा सैलावेल ही धास्ती. सगळ्यांनीच इतकं कडक व्हावं असं मी म्हणणार नाही, कौतुकाचा शब्द लेकरांना हवाच. पण न बदलल्याबद्दल शाल देणारे आपण आणि शतकांमागून शतकं ठोकली तरी शाबासकी राखून ठेवणारे सर, यांत माणसाची किंमत कोणी जास्त केली?

समारंभ आटोपल्यावर साहेब चहाचा कप घेऊन शेजारी आले. सहज विचारलं, आता वेळ कसा घालवणार? म्हणाले, "टायपिंग पक्कं करायचंय. गेली दोन वर्षं दुपारच्या सुट्टीत त्या नव्या पोराकडे बसून मराठी टाइप करायला शिकतोय. जोडाक्षरं अजून अडतात." मी व्यासपीठाकडे पाहिलं. वक्ता हार आवरत होता. त्याच्या अख्ख्या भाषणातलं साफ खोटं वाक्य एकच होतं, आणि टाळ्या नेमक्या त्यालाच पडल्या होत्या.