झाकण उघडण्याआधी ठरवा, वर कोण थांबणार

नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यात एका डाइंग कारखान्याची सेप्टिक टाकी साफ करताना चार कामगार गेले. चौघेही बिहारचे. आधी दोघे उतरले आणि आतच कोसळले. त्यांना काढायला आणखी दोघे उतरले, तेही परतले नाहीत. हे जगभर असेच घडते. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार सुरक्षा संस्थेने १९८६ मध्येच सांगून ठेवले होते की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात.

सोबती पडलेला पाहून जो धावतो त्याला बोल लावता येत नाही. बोल लागतो तो काम सुरू करणाऱ्यांना, म्हणजे आपल्याला.

सुरतच्या गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मुकादमापासून सुरक्षा अधिकाऱ्यापर्यंत आपले वाचक इथल्या मिलमध्ये, गटारलाइनच्या ठेक्यावर, बांधकामावर आहेत. त्यांच्यासमोरची अडचण अशी की आणीबाणीची योजना सक्तीची झाली ती मोठ्या कारखान्यांना. १९८९ च्या घातक रसायन नियमांनी ठरावीक साठ्यावरच्या उद्योगांना आवाराची लेखी योजना आणि दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम बंधनकारक केली. पण अशा टाक्यांत जीव घेणारा हायड्रोजन सल्फाइड वायू कुणाच्या स्टॉक रजिस्टरात नसतो; तो गाळात जागेवरच तयार होतो. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसीत टँकरमधला रासायनिक कचरा नाल्यात सोडला गेला, विषारी वायू पसरला आणि शेजारच्या मिलमधले सहा कामगार मेले. ते तर कुठल्या टाकीत उतरलेही नव्हते.

हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्यासारखा वास देतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. ‘आता वास येत नाही, उतर’ हे वाक्य म्हणूनच जीवघेणे. दुसरी गोष्ट, शांत गाळावर डिटेक्टर शून्य दाखवतो, पावड्याने गाळ हलवला की साठलेला वायू उसळतो. त्यामुळे वरून दोरीने सोडून एकदा घेतलेल्या रीडिंगवर भागत नाही. वर, मध्ये आणि तळाशी मोजून झाल्यावरही डिटेक्टर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू हवा आणि ब्लोअर काम संपेपर्यंत बंद होता कामा नये.

कारखाना कायद्याच्या ३६व्या कलमाने १९४८ पासून दोन वाटा दिल्या होत्या: सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून दिलेला लेखी दाखला, किंवा श्वसनयंत्र आणि पट्ट्याला बांधलेला दोर, ज्याचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. यातला दोरही आम्ही साइटवर नीट बांधलेला क्वचितच पाहतो. कमरेला बांधलेला माणूस ओढताना मधून दुमडतो आणि चेंबरच्या तोंडाशी अडकतो. पूर्ण हार्नेस हवा, कडी पाठीवर खांद्यांच्या मध्ये हवी, म्हणजे बेशुद्ध शरीर उभेच वर येते. बेशुद्ध माणसाला दोन हातांनी सरळ वर खेचणे धडधाकट गड्यालाही जड जाते. तिपाई आणि विंच झाकण उघडण्याआधी उभी पाहिजे.

वर थांबणाऱ्याचे नाव परमिटवर लिहा आणि त्याला एकच हुकूम द्या: काहीही झाले तरी तू उतरायचे नाहीस, दुसऱ्याला उतरू द्यायचे नाहीस. हे त्याच्या बोलीत सांगा, मग ती अहिराणी असो, ओडिया असो की भोजपुरी. त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्या.

फोनचेही तसेच. १०१ आणि १०८ पाठ असतात, पण कालच कामावर आलेल्या पोराला आपण कोणत्या सोसायटीच्या कोणत्या गल्लीत उभे आहोत हे सांगता येत नाही. पत्ता, जवळची खूण आणि बंब कोणत्या बाजूने आत येईल हे फळ्यावर लिहून ठेवा. साड्यांचे गठ्ठे उतरवणारे टेम्पो त्या वेळेपुरते हलवून घ्या. प्राणवायूवाचून मेंदू चार-पाच मिनिटेच तग धरतो, तेवढ्यात बंब पोचणार नाही. पहिली सुटका साइटवरच्याच माणसांनी, वरून, दोराने करायची आहे.

ठेकेदार म्हणतात, दरात हे बसत नाही. खरे आहे, कारण अंदाजपत्रकात ते नसतेच. तिपाई, ब्लोअर, डिटेक्टर आणि वर थांबणाऱ्या माणसाची मजुरी या निविदेत स्वतंत्र, न कापता येणाऱ्या बाबी म्हणून घाला. निविदा लिहिणारे अभियंतेही हे मासिक वाचतात. पावसाळ्यापूर्वीच्या सफाईचे कागद तयार होण्याआधी त्यांनी हा बदल करावा, अशी आमची मागणी आहे.