पडद्यावरची श्रमाची चोरी

पुरातत्त्वावरील माहितीपट म्हणजे निरुपद्रवी करमणूक, हा समज भाबडा आहे. २०२२ साली नेटफ्लिक्सने ग्रॅहम हॅन्कॉक यांची ‘एन्शंट अपोकॅलिप्स’ ही मालिका माहितीपट म्हणून दाखविली. हिमयुगाच्या अखेरीस बुडालेल्या प्रगत संस्कृतीतील वाचलेल्या मंडळींनी जगभरच्या मागासांना शेती नि बांधकाम शिकविले, हा तिचा सिद्धान्त. पुरावा शून्य. तिला विज्ञानकथा म्हणा, अशी मागणी अमेरिकेतील पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी केली.

परंतु प्रश्न केवळ शास्त्रीय अचूकतेचा नाही. ज्यांनी दगड वाहिले त्यांचे श्रेयही हिरावून घेण्याचा आहे. श्रमाचे मोल नाकारणाऱ्या व्यवस्थेला असा इतिहास सोयीचाच असतो.

वास्तव काय सांगते? १९९० मध्ये गीझा येथे पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांच्या कबरी सापडल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल्-जर्फ येथे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. सुमारे ४० जणांच्या त्याच्या टोळीने तुरा येथील खाणींतला चुनखडक नावांतून गीझाला कसा नेला, याची दिवसवार नोंद तीत आहे. खुफूचा पिरॅमिड उभा राहिला तो संघटित श्रमावर आणि राजसत्तेने ताब्यात घेतलेल्या शेतकऱ्याच्या वरकड उत्पादनावर. त्यात गूढ काहीच नाही. अर्थकारण मात्र आहे.

वेरूळचे कैलास लेणेही परग्रहवासीयांच्या नावावर चढविणाऱ्या चित्रफिती आपल्याकडे चवीने पाहिल्या जातात. अशा प्रत्येक चित्रफितीला कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा: छिन्नी कोणाच्या हातात होती, आणि त्याचा शिधा कोणाच्या शेतातून आला?