चांद्याच्या पुढं

गोंडपिपरीच्या बसस्टँडवर सकाळी कुणालाही विचारा, "कुठं चालले जी?" उत्तर ठरलेलं असतं: "चांद्याले." कागदावर चंद्रपूर होऊन कैक दशकं लोटली, पण आमच्या जिभेवरून चांदा उतरत नाही. 'जिल्ह्याला जाऊन येतो' असंही आम्ही म्हणतो, जणू आम्ही राहतो तो जिल्हा नव्हेच. उरलेला महाराष्ट्र 'चांदा ते बांदा' म्हणून मोकळा होतो. त्याचा महाराष्ट्र जिथं संपतो, तिथून आम्ही गाडीत बसतो आणि बल्लारपूर, कोठारी ओलांडत पन्नासएक किलोमीटर पुढं आपल्या घरी येतो.

हे सगळं आठवलं ते भाच्याच्या फोनमुळं. तो कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो नावाच्या काउंटीत राहतो. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. म्हणाला, "मामाजी, इथं आपल्या चांद्याएवढीच माणसं हायेत." मी आकडे काढून बसलो. पोरगं खरं बोललं होतं. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७, आणि २०२० च्या मोजणीत त्याच्या काउंटीची २१,८१,६५४. जागा मात्र बघा. आपला जिल्हा ११,४४३ चौरस किलोमीटर, त्यात गोवा तीनदा बसतो. त्यांचा ५२ हजारांच्या घरात! १९८२ साली गडचिरोली वेगळा होण्याआधीचा आपला अख्खा जुना चांदा जिल्हा दोनदा मांडला, तरी तो भरत नाही.

त्या काउंटीची एक बाजू लॉस एंजेलिसला टेकलेली. तिथं उपनगरं, गोदामं, ट्रकांच्या रांगा. बाकी सगळं मोजावे वाळवंट. कारभाराचं शहर पश्चिमेच्या कोपऱ्यात आणि पार पूर्वेच्या टोकाला, कोलोराडो नदीच्या काठी, नीडल्स नावाचं लहानसं गाव. नदीपलीकडं दुसरं राज्य. उन्हाळा असा की आपल्या मे महिन्याची आठवण व्हावी. जिल्ह्याच्या गावाला जायचं तर तीनशे किलोमीटरच्या वर. मला ते गाव न बघताच ओळखीचं वाटायला लागलं.

आपला जिल्हा तरी एक आहे का? पश्चिमेकडं कोळसा, सिमेंट आणि वीज. एकट्या दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. त्या विजेवर कुठकुठले दिवे लागतात आणि राख चंद्रपूरकरांच्या गच्चीवर पडते. पूर्वेला वैनगंगेच्या अंगानं ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल ही धानाची झाडीपट्टी. तिथं बांधी, बोड्या, तलाव आणि दिवाळीनंतर रात्रभर चालणारी नाटकं. वरोरा-भद्रावतीकडं कापूस-सोयाबीन. मध्ये ताडोबा, तिथं वाघ पाहायला पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून येतात. आमच्याकडं तो फुकट, आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला नको त्या वेळी दिसतो.

वर्धा नदी ओलांडली की राजुरा. तो भाग निजामाच्या राज्यातला, आपल्या जिल्ह्यात आला १९५९ साली. त्याच्याही पलीकडं जिवतीच्या डोंगरावरची १४ गावं महाराष्ट्राची की तेलंगणाची, याचा घोळ अजून चालू आहे. दोन्ही राज्यांची शाळा, दोन्हीकडचं रेशन, दोन्हीकडं मतदान. उत्तरेला चिमूर आणि ब्रह्मपुरी दोघांनाही आपापला जिल्हा हवा आहे. चूक कुणाची म्हणावी?

गोंडपिपरी पूर्व-पश्चिम अशा दोन्ही चांद्यांच्या सांध्यावर. धानही आमचं, कापूसही आमचा. विधानसभेला आम्ही नदीपलीकडच्या राजुऱ्यासोबत. तालुक्याच्या टोकाशी वर्धा आणि वैनगंगा भेटतात, तिथून पुढं त्या प्राणहिता. एका बाजूला गडचिरोली, दुसरीला तेलंगण. कुण्या कोपऱ्याला तीन दारं असावीत तसं.

भाच्यानं आणखी एक सांगितलं. तिकडं कारभार निवडून आलेले पाच सुपरव्हायझर बघतात, शेरीफसुद्धा मतांनीच निवडतात. आमचा कलेक्टर बदलीवर येतो, बदलीवर जातो. जिल्हा परिषद निवडून यायची, तर २०२२ नंतर तिथंही प्रशासकाचा मुक्काम लांबतच गेला. एका शिक्क्यासाठी मी मागं चांद्याच्या एका कचेरीत तीनदा गेलो. तिन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये. तेव्हा मनात येई, आपलं मत असतं तर साहेब निदान चहा तरी विचारते.

पण मतं असूनही तिकडं नाराजी आहेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या काउंटीनं, कॅलिफोर्नियातून फुटून वेगळं राज्य करण्यासह इतर मार्गांचा अभ्यास व्हावा, याला थोडक्या फरकानं होकार दिला. कर आम्ही भरतो, पैसा दुसरीकडं जातो, ही तक्रार. मी हसलो. विदर्भाला त्याचा वाटा कबूल करणारा आपला नागपूर करार १९५३ चा. वेगळ्या विदर्भाचं भाषण आमच्या पानटपरीवर कुणालाही पाठ आहे.

भाच्याला हे सांगून फोन ठेवला आणि बाहेर आलो. धानाची मळणी उरकली होती. चौकात एक जीप उभी, टपावर बोचकी, भांडी, एक दोरीनं बांधलेली चूल. आत बायाच बाया, दोन लेकरंही. ओळखीची एक दिसली म्हणून सवयीनं विचारलं, "कुठं चालले जी?"

"मिरची तोडाले. तेलंगणात."

"कधी येता?"

"होळीच्या आगंमागं," ती म्हणाली. जीप चांद्याच्या उलट दिशेला वळली.