लंडनच्या टेकडीवर आपला सुवर्णदुर्ग

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. पूर्वी ते शहराबाहेरचं खेडं होतं. तिथल्या झाडीत विटांचा एक तीनकोनी बुरूज उभा आहे. उंची ६३ फूट, नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. हे नाव जरा सावकाश उच्चारून बघा. आपल्या हर्णेचा सुवर्णदुर्गच आहे तो, इंग्रजांच्या जिभेवर वाकडा झालेला.

एप्रिल १७५५ मध्ये कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने तोफा डागून सुवर्णदुर्ग घेतला. पुढे तो श्रीमंत होऊन विलायतेला परतला, १७८३ साली वारला आणि त्याच्या बायकोने नवऱ्याच्या आठवणीसाठी १७८४ मध्ये हा बुरूज बांधला. मधल्या काळात तो पडीक झाला होता. तिथल्या लोकांनी ट्रस्ट केला, दुरुस्ती करून घेतली आणि २०१४ मध्ये तो सर्वांसाठी उघडला. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. सुवर्णदुर्ग कुठे आहे हे त्यांच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण नाव मात्र त्यांनी जपलंय.

आपल्याकडे एक नाही, चार किल्ले आहेत. समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर लोक दीपगृह बघायला जातात, आपण किल्ल्यावर उभे आहोत हे कित्येकांच्या गावीही नसतं. पर्यटक येतो, संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघतो, सुरमई घेतो आणि जातो. त्याला दोष देऊन काय उपयोग? आपल्याच मुलांना विचारा.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष आधी नावांकडे जातं. सुवर्ण म्हणजे सोनं, कनक म्हणजेही सोनंच. फत्तेगडातला ‘फत्ते’ म्हणजे अरबी ‘फतह’. कान्होजी आंग्रे ‘सरखेल’ होते, तो किताब फारसी. ‘आरमार’ आलं पोर्तुगिजांकडून. एवढ्याशा किनाऱ्यावर इतक्या भाषा, आणि वर्गात मूल मला विचारतं, “सर, किल्ला हिंदूंचा की मुसलमानांचा?”

हा प्रश्न त्याने घरून किंवा मोबाइलवरून आणलेला असतो. मी त्याला लढाया सांगतो. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, १६७९ मध्ये खांदेरीला तो इंग्रजांशी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे होता आणि त्याच्यावर इंग्रजांना सोबत घेऊन चालून गेले पेशवे. जिंकल्यावर किल्ला पेशव्यांना मिळाला, पुढच्या वर्षी इंग्रजांनी बदल्यात बाणकोट घेतलं. १८०२ मध्ये होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला तो इथेच आसऱ्याला आला, आणि १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडेच गेला. आता यातले ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण, तूच सांग. मूल गप्प होतं. मोठ्या माणसांना हे सांगून बघावं, ती गप्प बसत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले आले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. आनंदच झाला. आता पाट्या लागतील, निधी येईल, पुढारी येतील. धास्ती एवढीच की वारसा म्हटला की आपल्याकडे आधी दगड मोजतात आणि मग माणसं हटवतात. फत्तेगडावर आज मच्छीमारांची घरं आहेत. जाळी तिथेच वाळतात, पोरं तिथूनच शाळेत येतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय कुठलाही आराखडा करू नये, आणि ग्रामसभेत हे आपण सगळ्यांनी मिळून बोलावं, फक्त त्या वस्तीनं नाही.

पाटीवर राजांची आणि सेनापतींची नावं येतीलच, ती यायलाच हवीत. त्याखाली दोन ओळी कोळी, भंडारी, दालदी यांच्यासाठीही ठेवा. या किनाऱ्यावरच्या होड्या त्यांनीच चालवल्या आणि आजही तेच चालवतात. मजकूर मुलांकडून लिहून घेऊ. शुद्धलेखन मी तपासून देतो.