दरीचं कॅलेंडर कोण ठरवणार?

मे महिना संपत आला की सगळ्या ग्रुपांवर एकाच साच्यातल्या जाहिराती फिरायला लागतात. काजव्यांच्या दुनियेत हरवून जा! भंडारदरा, सांदण व्हॅली, एक रात्र तंबूत, अनलिमिटेड जेवण, फक्त १५०० रुपये, शेवटच्या पाच जागा! (या शेवटच्या पाच जागा पुढचे दोन आठवडे शेवटच्याच असतात. असो.)

या जाहिरातींमध्ये डोंगर असतो, धबधबा असतो, तंबूबाहेर गिटार वाजवणारा एक दाढीवाला असतो. माणसं मात्र नसतात. म्हणजे आपली असतात, तिथली नसतात. 'अनटच्ड', 'हिडन', 'व्हर्जिन' असले शब्द वाचले की वाटावं, पृथ्वीच्या पाठीवरची ही दरी काल रात्री कोणीतरी अपलोड केलीये आणि आपण पहिले व्हिजिटर आहोत.

तर मंडळी, आजचं भांडण याच्याशी आहे. कचऱ्यावर मी लिहिणार नाही. प्लास्टिकच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं यावर प्रत्येक ट्रेकर दर पावसाळ्यात एकदा प्रवचन देतो आणि ते बरोबरच असतं. माझा मुद्दा वेगळा आहे. या दरीत कधी यायचं, किती जणांनी यायचं आणि येऊन काय करायचं हे सगळं आपला शनिवार-रविवार ठरवतो. ते तिथल्या गावांनी ठरवलं पाहिजे.

आधी थोडा भूगोल. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) इथलंच. इकडे रतनगड, तिकडे हरिश्चंद्रगड आणि मध्ये प्रवरेचं खोरं. बारी, शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई ही गावं. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. हा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं.

या दरीचं वेळापत्रक खालच्या लोकांनी ठरवायची सवयही जुनीच आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेचं पाणी खाली गेलं, त्यावर संगमनेर-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार याची चर्चा खाली होते. वर मात्र अशी परिस्थिती की घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात राज्यातला सर्वांत जास्त म्हणावा असा पाऊस पडतो, पण उतार तीव्र आणि खाली कातळ, त्यामुळे पाणी थांबत नाही. मे महिन्यात त्याच पट्ट्यातल्या विहिरी तळाला जातात.

मग २००८ मध्ये घाटघरचा वीज प्रकल्प सुरू झाला, २५० मेगावॉटचा. याचं डिझाईन इंजिनिअर म्हणून मला फार आवडतं. विजेची मागणी वाढली की वरच्या धरणातलं पाणी कोकणच्या बाजूला खाली सोडायचं आणि वीज काढायची. मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर पंप करायचं. थोडक्यात, घाटघरचं पाणी आपल्या एसीच्या वेळापत्रकावर खालीवर करतं. पाणी झालं, वीज झाली. आता आपले वीकेंड.

पहिली गोष्ट काजव्यांची. काजवा हा कीटक आयुष्याचा बहुतेक काळ अळी म्हणून ओल्या जमिनीवर, पालापाचोळ्यात काढतो, गोगलगाई वगैरे खातो. प्रौढ होऊन चमकायला त्याच्याकडे जेमतेम काही आठवडे असतात आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. ते चमकणं म्हणजे आपल्यासाठी केलेलं लायटिंग नव्हे. बऱ्याच जातींत नर ठरावीक पद्धतीने उघडझाप करतो आणि मादी ठरावीक वेळाने उत्तर देते. सरळ हँडशेक आहे, दोन मशीनमध्ये असतो तसा. आता या चॅनेलवर गाड्यांच्या रांगेचे हेडलाईट, मोबाईलचे फ्लॅश आणि 'अरे इकडे बघ' म्हणत फिरवलेल्या बॅटऱ्या सोडा. सिग्नल नॉईजमध्ये बुडणार, कनेक्शन टाइम आऊट होणार. बरं, काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात, त्या गवतात असतात. जिथे उभं राहून आपण व्हिडिओ काढतो तिथेच. पुढच्या वर्षीच्या काजव्यांवर आपण या वर्षी पाय देतो आणि वर विचारतो, हल्ली पूर्वीसारखे दिसत नाहीत ना?

दुसरी गोष्ट माणसांची, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. आपण सगळे जातो कधी? मेअखेर ते ऑगस्ट. आधी काजवे, मग धबधबे, मग धुकं. आणि गावाला कामाची सर्वांत घाई कधी असते? नेमकी तेव्हाच! जूनमध्ये राब भाजलेल्या जागेवर भाताची पेरणी, रोपं वर आली की जुलैत आवणी. घरातली झाडून सगळी माणसं गुडघाभर चिखलात. त्याच दिवसांत चाळीस-चाळीस जणांच्या बसेस येतात, त्यांना दुपारी एक वाजता गरम जेवण हवं असतं आणि फोटोसाठी भातखाचराच्या बांधावर उभं राहायचं असतं. बांध फुटला की पाणी जातं, पाणी गेलं की रोप जातं, पण हे रीलमध्ये दिसत नाही.

आता दुसरी बाजू बघा. नोव्हेंबरात भात निघतं. एकच पीक, जमीन थोडी, पुढे गावात काम नाही. मग माणसं बाहेर पडतात. नारायणगावला भरणारा मजुरांचा बाजार ऐकून माहीत असेल. सकाळी लोक उभे राहतात, बागायतदार येतात, रोज ठरतो, गाडीत बसून टोमॅटोच्या नाहीतर द्राक्षांच्या शेतावर. त्या गर्दीत अकोल्याच्या डोंगरातली माणसं मोठ्या संख्येने असतात. पुण्याहून भंडारदऱ्याला जाताना आपण नारायणगाववरूनच जातो. मिसळ खाऊन.

म्हणजे गावाला कामाची उसंत नसते तेव्हा आपण हजारोंनी जातो आणि गाव कामासाठी रिकामं होतं तेव्हा तिथे चिटपाखरूही नसतं. आपल्यापैकी निम्मे लोक पोटासाठी लोड बॅलन्सिंग करतात राव! एका सर्व्हरवर सगळी रिक्वेस्ट आठ वीकेंडला मारायची आणि उरलेले महिने तो बंद ठेवायचा, हे डिझाईन रिव्ह्यूला आलं तर आपण काय बोलू?

तिसरी गोष्ट पैशाची. साधा हिशेब करू, आकडे समजा म्हणून घ्या. चाळीस माणसं, प्रत्येकी १५०० रुपये, एकूण ६०,०००. दोन जेवणं आणि नाश्ता मिळून गावात माणशी ३५० दिले, झाले १४,०००. वाटाड्याला हजार. म्हणजे १५,००० गावात, बाकी ४५,००० गावाबाहेर. यातून बस, डिझेल, लीडरचं मानधन हे खरे खर्च निघतात, मान्य आहे. कोणी फार मोठा दरोडा घालतोय असं मला म्हणायचं नाही. खटकतं ते वेगळंच. तारीख ठरवली ट्रेकवाल्याने. माणसं किती ते त्यानेच ठरवलं. ताटाचा भाव पाडून त्याने. मेनूही त्याचाच. गाव फक्त पुरवठादार. क्लायंट बिल डॉलरमध्ये भरतो, आपल्याला पगार रुपयात मिळतो, स्पेसिफिकेशन तिकडून येतात आणि शनिवारी रात्री कॉलवर बसायचं ते आपण, यावर कँटीनमध्ये तासन्‌तास कुरकुरणारी जमात आपली. त्याच आपण रतनवाडीला जाऊन क्लायंट होतो आणि आपल्याला काहीच वाटत नाही.

मेनूवरून आठवलं. या डोंगरात वरई पिकते, नाचणी पिकते, खुरासणी पिकते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपण्यासाठी २०२० साली पद्मश्री मिळाली. आणि आपल्या ताटात काय? पनीर, गुलाबजाम आणि मध्यरात्री मॅगी. खुरासणीची चटणी आणि नाचणीची भाकरी मागून बघा. ती करणाऱ्या बाईला काही नवीन शिकावं लागत नाही, शहरातून काही आणावं लागत नाही आणि पैसे पूर्ण गावात राहतात.

नावांचंही तेच. साम्रदजवळचं सांदण, काही ठिकाणी दोन-तीनशे फूट खोल असलेली ती कातळातली अरुंद भेग, तिचं आपण 'व्हॅली ऑफ शॅडोज' केलं. धरणाच्या जलाशयाला 'आर्थर लेक' हे आपल्याला पाठ असतं. सावकार आणि इंग्रजांविरुद्ध याच डोंगरांत बंड करणारे राघोजी भांगरे, ज्यांना १८४८ मध्ये ठाण्यात फाशी झाली, त्यांचं नाव बसमधल्या चाळीसपैकी किती जणांनी ऐकलेलं असतं?

आता यावर येणारी उत्तरं मला ठाऊक आहेत.

'अरे, पण त्यांना रोजगार मिळतो ना!' मिळतो. म्हणूनच तर हे लिहितोय. रोजगार मिळूच नये असं म्हणणं फक्त पोट भरलेल्यालाच परवडतं. पण आठ वीकेंडच्या रोजगाराने कोणाचंही नारायणगाव थांबत नाही. तेच पाहुणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी पसरून आले तर एखाद्या घरातला एक माणूस तरी गावात राहू शकेल.

'डीजे तर गावातल्याच पोरांनी लावलेला असतो.' काही ठिकाणी खरं आहे. गिऱ्हाईक जे मागतं ते दुकानदार ठेवतो. आणि गाव म्हणजे एकच एक डोकं नसतं, तिथेही तंबूवाला, शेतवाला, गुराखी यांचं पटेलच असं नाही. म्हणूनच हा निर्णय एकेका तंबूवाल्यावर न सोडता ग्रामसभेत व्हायला हवा. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, पेसा कायदा १९९६ चा आहे, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. ग्रामसभा आणि वनखातं मिळून रोज किती गाड्या सोडायच्या, कुठे अंधार पाळायचा, वाटाड्याचा आणि ताटाचा किमान दर काय, हे ठरवू शकतात. पण गावाने असा नियम केला तर 'पर्यटकांची लूट' म्हणून बोंब मारणारे पहिले आपणच असू, हेही आत्ताच सांगून ठेवतो. नाणेघाटात वर चढलं की दगडी रांजण दिसतो. व्यापाऱ्यांकडची जकात त्यात पडायची असं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढणाऱ्याला पैसे द्यायला लाज वाटत नव्हती. आपण पन्नास रुपयांच्या पावतीवर हुज्जत घालतो.

'मग आम्ही जायचंच नाही का?' जा की! नक्की जा. फक्त असं करून बघा.

१. काजव्यांचे वीकेंड सोडा. जायचंच असेल तर मधल्या वारी, चार-पाच जण, गावातला वाटाड्या घेऊन. दिवे बंद, फ्लॅश बंद, रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही.

२. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ धरा. कळसूबाईवरून लख्ख दिसतं, रतनवाडीचं अमृतेश्वराचं हजारेक वर्षांचं देऊळ गर्दीशिवाय बघता येतं, सांदणही कोरडं असतं. पावसाळ्यात तिथे उतरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

३. थेट गावात फोन करा, थेट गावात पैसे द्या. आता क्यूआर कोड सगळीकडे आहे, मध्ये कोणी लागत नाही. पुरुषवाडीसारख्या गावात लोकांच्या घरी राहायची सोय बरीच वर्षं चालू आहे. भाव पाडू नका.

४. सण बघायचा असेल तर आधी विचारा. दिवाळीच्या तोंडावर, आपली वसुबारस असते त्या दिवशी इथे वाघबारस असते. गुरं राखणारे वाघोबाला नैवेद्य दाखवतात. ज्या जनावराची भीती त्याचीच पूजा. बोलावलं तर जा, मागे उभे राहा. ठाकरांचा कांबड नाच 'कॅम्पफायरला अर्धा तास' म्हणून बुक करू नका.

यात त्याग वगैरे काही नाहीये. शुक्रवारची एक रजा टाकायची आणि जूनऐवजी डिसेंबर निवडायचा, एवढंच. रजा कशा टाकायच्या ते आपल्याला कोणी शिकवायला नको :-)

या वर्षी ऑफिसच्या ग्रुपवर 'काजवे कुठला शनिवार?' असा मेसेज आला की त्याखाली एकच उत्तर टाका: 'डिसेंबरात जाऊ, गावाला विचारून.' चार जण हसतील, दोघं तयार होतील. एका घरच्या पाहुण्यांना दोघंही पुष्कळ झाले.

बघा, पटतंय का. नसेल पटत तर भांडायला या, चहा माझ्याकडून.